टाइप करता करता सुचवणारा मदतनीस: वहीतल्या नोंदींपासून सही केलेल्या इन्स्टॉलरपर्यंत

मेल असो, चॅट असो की साधं नोटपॅड, "गुरुवारी साडेचारला भेटू" असं टाइप केलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बारीक पट्टी यावी: कॅलेंडरमध्ये टाकू? हवं तर कळ दाबायची, नको तर टाइप करत राहायचं. एवढंच करणारा डेस्कटॉप मदतनीस मी एकटीने बनवला आणि गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा अनोळखी लोकांच्या हातात दिला. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बसून याला वर्षाच्या वर काळ गेला. त्यातला निम्मा वेळ एकाच गोष्टीने खाल्ला. लोकांचं टाइप केलेलं वाचणारा मदतनीस आणि पासवर्ड चोरणारा कीलॉगर, ऑपरेटिंग सिस्टिमला दोघं सारखेच दिसतात. परवानग्या, प्रमाणपत्रं, अँटिव्हायरसची कटकट, वापरणाऱ्याच्या मनातली शंका, सगळं तिथूनच उगवतं. या वाटेने जाणाऱ्यांना आधी अंदाज यावा म्हणून झालं तसं क्रमाने लिहिते.

सुरुवात जानेवारीत झाली, तीही कोड न लिहिता. एक वही केली. टाइप करताना हात मध्येच थांबून दुसरीकडे गेला की कशासाठी गेला, ते एका ओळीत लिहायचं. "२३ तारखेला कुठला वार, बघितलं." "बेरीज करायला कॅल्क्युलेटर." "फाइल जोडली म्हटलं, जोडली नव्हती, परत मेल." असल्या नोंदी. डोक्यात तेव्हा पन्नास कल्पना होत्या: भाषांतर, हवामान, नकाशे, काय काय. वहीत परत परत आल्या त्या चारच. भेट नोंदवणं, दिलेला शब्द काम-यादीत टाकणं, फाइल शोधून जोडणं आणि छोटा हिशोब. बाकीच्यांवर काट मारली. तुम्ही असं काही करणार असाल तर ही वही निदान दोघांनी ठेवा, आणि दुसरा माणूस वेगळ्या पेशातला निवडा. माझ्या अनुवादक मैत्रिणीच्या वहीत हिशोब जवळजवळ नव्हतेच. ती सारखी शब्दसंख्या बघायला आणि आधीच्या कामातला एखादा शब्द कसा लिहिला होता ते शोधायला उठत होती.

फेब्रुवारीभर वाचन केलं. ही कल्पना जुनी आहे आणि तिच्या नादाने हात पोळून घेतलेल्यांची यादी मोठी आहे. अॅपलचे 'डेटा डिटेक्टर्स' १९९७ साली आले. मजकूर निवडायचा, कंट्रोल धरून क्लिक करायचं, की त्यात सापडलेले पत्ते आणि लिंका आपापल्या कृतींसह मेनूत दिसत. मागितल्याशिवाय ते तोंड उघडत नसत, त्यामुळे त्यांचा कोणाला राग आला नाही. त्याच साली मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधून कागदाची क्लिप आली, म्हणजे पडद्यावर मदत सुचवणारं एक चित्रपात्र. ती न विचारता बोलायची. २००१च्या ऑफिस एक्सपीत ती मुळातच बंद करून दिली गेली आणि २००७च्या आवृत्तीत दिसेनाशी झाली. गंमत म्हणजे तिच्या मागचं संशोधन चांगलं होतं. मायक्रोसॉफ्टमधल्या एरिक हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांचा लुमिएर प्रकल्प, माणसाला आत्ता मदत हवी असण्याची शक्यता किती, हे गणिताने काढायचा. बाजारात आलेल्या क्लिपमध्ये मात्र साधे ठोकळ नियम होते. २००१मध्येच इंटरनेट एक्स्प्लोरर ६च्या चाचणी आवृत्तीत 'स्मार्ट टॅग' होते, जे दुसऱ्यांच्या वेबपानांवरच्या शब्दांखाली स्वतःचे दुवे ठेवत. एवढा गदारोळ झाला की अंतिम आवृत्तीआधी ते काढले. अलीकडचं उदाहरण विंडोज ११चं. फोन नंबर किंवा तारीख कॉपी केली की कृती सुचवायची सोय २०२२मध्ये आली आणि २०२४मध्ये ती निवृत्तीच्या यादीत गेली.

या सगळ्यात सर्वांत कामाचा ठरला तो हॉर्विट्झ यांचा १९९९चा निबंध. त्यात 'लुकआउट' नावाची प्रणाली आहे. ती आलेला मेल वाचून भेट नोंदवायला मदत करायची, आणि गप्प राहायचं, विचारायचं की थेट करून टाकायचं, हे अपेक्षित फायद्यावरून ठरवायची. मी त्यातला साधा हिशोब उचलला. समजा भेट हाताने नोंदवायला १२ सेकंद लागतात आणि चुकीची सूचना दिसली तर लक्ष उडून ४ सेकंद जातात. सूचना बरोबर असण्याची शक्यता 'प' धरली तर १२ × प हे ४ × (१ − प) पेक्षा जास्त असेल तेव्हाच ती दाखवण्यात फायदा, म्हणजे प ०.२५च्या वर हवा. कागदावर चारांतली एक बरोबर आली तरी पुरे! प्रत्यक्षात चारांतल्या तीन चुकल्या तर माणूस दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उडवतो, कारण चीड साठत जाते. चुकीची किंमत ४ ऐवजी ३६ धरली की उंबरठा ०.७५वर जातो. मी तोच ठेवला.

पेटंटची धास्तीही होती. संगणकातल्या मजकुरात काही रचना ओळखून त्यावर कृती देण्याचं अॅपलचं अमेरिकी पेटंट आहे, क्रमांक ५९४६६४७. अर्ज १९९६चा, मंजुरी १९९९ची. एचटीसी आणि सॅमसंगविरुद्धच्या खटल्यांत तेच पुढे केलं गेलं होतं. अर्जापासून वीस वर्षं, म्हणजे २०१६ला त्याची मुदत संपली. ते वाचून जीव भांड्यात पडला. मी हा प्रोग्रॅम फुकट देणार होते म्हणून तेवढ्यावर थांबले. विकणार असाल तर पेटंटच्या वकिलाला पैसे मोजून विचारा, कारण नंतरची पेटंटंही आहेत.

मार्चमध्ये प्रोग्रॅमचं सोंग मीच घेतलं. मैत्रीण स्क्रीन शेअर करून नेहमीचं काम करत होती. मी तिच्या ओळी वाचून, वाटेल तिथे, चॅटमधून सूचना पाठवत होते. दोन गोष्टी कळल्या. सूचना दोन-तीन सेकंद उशिरा पोहोचली की तोवर ती पुढच्या वाक्यात असायची आणि सूचना कशाबद्दल आहे हेच तिला लागत नसे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एका क्लायंटबद्दल लिहिलेली तिरकस ओळ तिने माझ्या डोळ्यांदेखत खोडली आणि सपक करून लिहिली. "अगं, तू बघतेयस म्हटल्यावर मी तुझ्यासाठीच लिहायला लागले," ती म्हणाली. त्या संध्याकाळी दोन गोष्टी पक्क्या केल्या. वाचलेला मजकूर डिस्कवर उतरणार नाही, आणि मदतनीसाला इंटरनेटच नसेल. अपडेट आलाय का हेसुद्धा तो बघणार नाही. ज्याला हवा त्याने येऊन उतरवून घ्यावा. यामुळे पुढे गैरसोयी झाल्या, पण "माझं टाइप केलेलं जातं कुठे?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येऊ लागलं. शंका असेल त्याने फायरवॉलमध्ये बंदी घालावी, काही अडत नाही.

एप्रिलपासून कोड. पहिला प्रश्न, मजकूर वाचायचा कसा. कीबोर्डवर पहारा ठेवणं हा सरळ दिसणारा रस्ता. दाबलेली प्रत्येक कळ आपल्या प्रोग्रॅमला कळवणारी सोय विंडोजवर लो-लेव्हल कीबोर्ड हुक नावाने असते, मॅकवर इव्हेंट टॅप नावाने. मॅकवर २०१९च्या कॅटलिनापासून त्याला 'इनपुट मॉनिटरिंग' नावाची वेगळी परवानगी लागते. विंडोजवर तुमच्या हुकाने काम वेळेत आटोपलं नाही तर विंडोज ७पासून पुढे सिस्टिम तो काढून टाकते आणि तुम्हाला सांगतही नाही. हे सगळं निभावता येईल, पण कळा म्हणजे मजकूर नव्हे. माणूस मागे खोडतो, माउसने मध्येच जाऊन शब्द घालतो, पेस्ट करतो. आणि आपलं तर पुढेच आहे. फोनेटिक कीबोर्डवर 'उद्या' लिहिताना हुकाला यू, डी, वाय, ए या कळा दिसतात. पडद्यावर काय उमटलं हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणून अॅक्सेसिबिलिटीचा रस्ता घेतला. अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी ऑपरेटिंग सिस्टिमनी जी सोय ठेवलेली असते तीच वापरायची: विंडोजवर यूआय ऑटोमेशन, मॅकवर अॅक्सेसिबिलिटी एपीआय, लिनक्सवर एटी-एसपीआय. आत्ता कुठल्या चौकटीत कर्सर आहे, त्याच्या आधीचा मजकूर काय, हे थेट विचारता येतं. कीबोर्ड कुठला का असेना, पडद्यावर उमटलेलं तेच मिळतं. पासवर्डची चौकट तशी खूण घेऊनच येते, तिला हात लावायचा नाही.

इथल्या खाचखळग्यांची थोडी यादी देते, कारण ते एकत्र कुठे सापडत नाहीत. इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अॅप बनवायच्या चौकटीवर, बनलेली अॅप्स कोणी मागेपर्यंत आपल्या चौकटी-मजकुराची अॅक्सेसिबिलिटीसाठीची मांडणी उभीच करत नाहीत. मॅकवर त्यांना 'मॅन्युअल अॅक्सेसिबिलिटी' हा गुणधर्म लावून जागं करावं लागतं. मोठ्या दस्तऐवजात पूर्ण मजकूर कधीही मागू नका. कर्सरच्या मागचे दोनेकशे कॅरॅक्टर मागा, नाहीतर टाइप करणाऱ्याची अक्षरं अडखळत उमटतात आणि दोष तुमच्या माथी येतो. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, पहिल्या दिवसापासून वगळा. आणि मॅकवर एक हमखास वैताग: परवानगी प्रोग्रॅमच्या डिजिटल सहीशी, म्हणजे तो कोणी बनवला हे पटवणाऱ्या खुणेशी, बांधलेली असते, त्यामुळे सही न केलेला प्रोग्रॅम प्रत्येक बिल्डनंतर सिस्टिमला नवा वाटतो आणि दिलेली परवानगी निकामी होते. स्वतःच्या मशीनवर चाचणी करतानाही एकच कायम प्रमाणपत्र वापरा. अर्धा वैताग तिथेच संपतो.

परवानगी मागायची कधी, यावर मी बराच खल केला. मॅकवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन अॅक्सेसिबिलिटीचा खटका माणसाने स्वतः चालू करावा लागतो, प्रोग्रॅमला तो करता येत नाही. तिथे सिस्टिम जो इशारा दाखवते तो वाचून कोणीही दचकेल: हा प्रोग्रॅम तुमचा संगणक नियंत्रित करू इच्छितो. इन्स्टॉल केल्या केल्या हे समोर आलं तर 'नको' म्हणणारा माणूस शहाणाच म्हणायचा. म्हणून आधी मदतनीसाची स्वतःची एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात टाइप करायला परवानगी लागत नाही, पट्टी कशी दिसते ते तिथेच कळतं. मग खाली साध्या मराठीत तीन ओळी: काय वाचतो, काय ठेवत नाही, बंद कसं करायचं. त्यानंतरच सेटिंगकडे नेणारं बटण.

जून ते ऑगस्ट मराठीने घेतले, आणि या सगळ्या उद्योगातला हा भाग मी परत आनंदाने करीन. सुरुवात आकड्यांपासूनच. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सूत्रात, अंकाची जी तयार खूण आहे तिला ० ते ९ हे देवनागरी अंक दिसतच नाहीत, पायथनमध्ये दिसतात. पायथनमध्ये मग शब्दाची खूण दगा देते. काना, मात्रा, वेलांटी यांना ती शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे 'भेटू'चे तुकडे पडतात. दोन्हीकडे युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) वर्ग, म्हणजे अक्षर, चिन्ह, अंक, हे स्वतः सांगावे लागतात. त्याहून छुपा घोळ 'दुसऱ्या'चा. यातला अर्धा र काही कीबोर्ड युनिकोडमधल्या 'ऱ' या वेगळ्या अक्षराने लिहितात, तर काही र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारख्या अक्षरांची रूपं एक करणं, केलं तरी हे दोन एक होत नाहीत. "दुसऱ्या सोमवारी" एकाच्या संगणकावर सापडतो आणि दुसऱ्याच्या नाही, याचं कारण हे. एक ओळ घालून स्वतः बदलून घ्या.

वेळेचं कोडं जरा खेळकर आहे. साडे म्हणजे अर्धा मिळवा, सव्वा म्हणजे पाव मिळवा, पावणे म्हणजे पाव वजा करा, आणि दीड-अडीच पाठ करून ठेवा कारण साडेएक, साडेदोन कोणी म्हणत नाही. "४.३०" ही वेळ आहे, पण पुढे लाख आलं तर नाही. "चार-पाचला ये" यावर गप्प बसायचं. प्रत्ययही बघावे लागतात: 'सोमवारी' ही तारीख, 'सोमवारपर्यंत' ही मुदत, 'सोमवारनंतर' यातून काहीच ठरत नाही. 'परवा' मागचा की पुढचा, हे क्रियापदावरून ठरतं, भेटलो की भेटू. आणि नुसतंच "परवाची मीटिंग" असेल तर पट्टी येत नाही.

क्रियापद शेवटी येतं, यानेच अख्खी रचना बदलली. "शुक्रवारी अकराला भेटायला मला आवडलं असतं" इथपर्यंत तारीख आहे, वेळ आहे, भेट आहे, सगळं जुळलंय. पुढे येतं: "पण जमणार नाही." नकार आपल्याकडे टोकाला बसलेला असतो. शब्द सापडताक्षणी सूचना दाखवायची ही पद्धत मराठीत चालत नाही. म्हणून मदतनीस वाक्य पुरं होण्याची वाट बघतो: पूर्णविराम, एंटर, नाहीतर सुमारे पाऊण सेकंदाचा विराम. त्यानंतर मात्र झटपट. माणसाला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतचा उशीर जाणवत नाही, हा आडाखा संगणक-वापराच्या अभ्यासात जुना आणि पक्का आहे. माझं सगळं काम त्याच्या आत बसवलं. एंटर दाबून चॅट निघून गेलं तरी चालतं, भेट नंतरही नोंदवता येते. फाइल जोडायची आठवण तेवढी पाठवण्याआधी यायला हवी, म्हणून "सोबत जोडली आहे" हा एकच अपवाद लगेच बोलतो.

दिलेला शब्द ओळखणं सगळ्यांत चिवट. 'पाठवतो' मी की तो? कर्ता आपण सर्रास गाळतो. 'पाठवते'चंही तेच. जवळपास दुसरं नाम कर्त्याच्या जागी दिसलं नाही तर 'मी' धरायचा, एवढ्यावर बहुतेक भागतं. खरी पंचाईत "बघतो आणि कळवतो" याची. व्याकरणाने हे दोन वायदे आहेत. अर्थाने काय आहे ते आपण सगळे जाणतो. ही वाक्यं काम-यादीत गेली असती तर यादी कधीच संपली नसती. इथे नियम पुरेनात म्हणून वाक्य खरा वायदा आहे की नाही हे उदाहरणांवरून ठरवणारा एक छोटा वर्गीकारक शिकवला, लॉजिस्टिक रिग्रेशन या सांख्यिकी पद्धतीचा, अक्षरांच्या छोट्या तुकड्यांवर चालणारा. वाक्यं माझ्याच जुन्या मेल-चॅटमधली. मोठं भाषा-मॉडेल संगणकावरच चालवून पाहिलं. समज चांगली होती, पण प्रत्येक विरामाला पंखा घुरघुरायला लागला तर लोक चार दिवसही ठेवणार नाहीत.

सप्टेंबरमध्ये पट्टीचं दिसणं. सूचना कर्सरखाली यावी असं कोणालाही वाटतं, मलाही. पण फोनेटिक कीबोर्ड आपले पर्यायी शब्द नेमके तिथेच दाखवतो. दोन खिडक्या एकमेकींवर चढतात आणि माणूस चुकीचं स्वीकारतो. म्हणून पट्टी चालू खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, एकच ओळ, एकच सूचना. तिने फोकस, म्हणजे टाइपिंगचा ताबा, कधीही घ्यायचा नाही, नाहीतर पुढची चार अक्षरं पट्टीत जातात. विंडोज आणि मॅक दोन्हींवर सक्रिय न होणारी खिडकी करायची सोय आहे, ती वापरा. स्वीकारण्यासाठी टॅब किंवा एंटर ठेवू नका, त्या कळांना आधीच कामं आहेत. मी कंट्रोल आणि स्पेसची जोडी ठेवणार होते, पण मॅकवर ती कीबोर्डची भाषा बदलायला असते; म्हणून जोडी ज्याची त्याने निवडायची. पट्टीवर नुसतं "भेट नोंदवू?" लिहून भागत नाही. "गुरुवार १२ जून, दुपारी ४:३०" असं पूर्ण लिहिलं की मदतनीसाने काय धरून चाललंय ते एका नजरेत कळतं. कुठलीही कृती स्वतःहून काही पाठवत नाही. एका अॅपमध्ये एक प्रकारची सूचना तीनदा दुर्लक्षिली गेली की तिथे ती आपोआप बंद, आणि बंद झाल्याचं सेटिंगमध्ये दिसतं.

मग मोजक्या ओळखीच्या लोकांना दिला. मजकूर साठवायचा नाही म्हटल्यावर चूक झाली की पुरावाच राहत नाही, ही मी ओढवून घेतलेली अडचण. तोडगा असा: "ही सूचना चुकली" असं बटण दाबलं तर तेवढंच एक वाक्य एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जातं. माणूस ते वाचतो, नावं खोडतो आणि वाटलं तर मला मेल करतो. थोडीच वाक्यं आली, पण कामाची आली. हिशोब जुळवणाऱ्या एका मित्राने पहिल्याच आठवड्यात मदतनीस बंद केला: त्याच्या शीटमधल्या प्रत्येक आकड्याला बेरीज सुचवत होता. स्प्रेडशीट वगळल्यावर परत सुरू केला. मजकुरातले आकडे आणि तक्त्यातले आकडे हा फरक वहीत कुठेच नव्हता.

कागदपत्रं मी ऑक्टोबरात सुरू केली. तुम्ही कोडच्या आधी करा. अॅपलच्या डेव्हलपर प्रोग्रॅमचे वर्षाला ९९ डॉलर. वैयक्तिक नोंदणीला ओळखपत्र पुरतं, संस्थेच्या नावाने केली तर डी-यू-एन-एस हा संस्थेची ओळख सांगणारा क्रमांक काढावा लागतो. मॅक अॅप स्टोअरचा विचार सोडून द्या. तिथे सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रॅमला बाकीच्यांपासून वेगळं कोंडून ठेवणं, सक्तीचा आहे आणि सँडबॉक्समधून दुसऱ्या अॅपचा मजकूर असा वाचता येत नाही. बाहेरून द्यायचा तर डेव्हलपर आयडीने सही करायची आणि अॅपलकडून नोटरायझेशन, म्हणजे घातक काही नाही ना याची तपासणी, करून घ्यायचं. ते स्वयंचलित आहे, माझ्या बाबतीत काही मिनिटांत होतं.

विंडोजसाठी कोड सायनिंगचं प्रमाणपत्र घेतलं. वर्षाला काही शे डॉलर जातात. १ जून २०२३पासून साध्या प्रमाणपत्राचीही खाजगी किल्ली, म्हणजे सही करायचा गुप्त कोड, प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, म्हणजे यूएसबी टोकन कुरियरने येतं किंवा क्लाउडवरची सेवा घ्यावी लागते. ओळख पटवताना ओळखपत्रावरचं नाव, पत्त्याच्या पुराव्यावरचं नाव आणि अर्जातलं नाव तंतोतंत जुळायला हवं. माझ्या एका कागदावर मधलं नाव पूर्ण होतं, दुसऱ्यावर आद्याक्षर. तेवढ्यावरून अर्ज परत आला, पुन्हा व्हिडिओ कॉल झाला आणि आठवडे सरकत गेले. रोज मेल उघडून बघण्याचा तो काळ फार कंटाळवाणा गेला. अर्ज करण्याआधी सगळे पुरावे शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. सही करताना टाइमस्टॅम्प लावायला विसरू नका. तो असला तर प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही जुन्या इन्स्टॉलरची सही ग्राह्य राहते. आणि ईव्ही नावाचं महागडं प्रमाणपत्र घेतलं की स्मार्टस्क्रीनचा, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमबद्दल विंडोज दाखवते तो, इशारा लगेच जातो, हा सल्ला अजून फिरतो. आता तसं राहिलेलं नाही. विश्वास जमायला दोन्ही प्रकारच्या प्रमाणपत्रांना वेळच द्यावा लागतो.

सही झाल्यावरही एका अँटिव्हायरसने प्रोग्रॅम थेट विलग करून टाकला, कारण दिलं संशयास्पद वर्तन. खरं तर त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. दुसऱ्यांच्या चौकटीतलं वाचतो तर खरा. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्यांकडे चुकीची ओळख कळवण्याचा फॉर्म असतो. त्यात फाइल, तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा), सहीचा तपशील आणि प्रोग्रॅम काय करतो याचा एक परिच्छेद द्यायचा. परिच्छेदात आढेवेढे न घेता "फोकस असलेल्या चौकटीतला मजकूर अॅक्सेसिबिलिटीतून वाचतो, नेटवर्क वापरत नाही" असं सरळ लिहिलं. थोड्या दिवसांनी ओळख मागे घेतली गेली. नवी आवृत्ती आली की हॅश बदलतो आणि कधी कधी हे पुन्हा करावं लागतं, म्हणून परिच्छेद जपून ठेवलाय. गोपनीयतेचं पानही याच सुमारास लिहिलं. साठवत काहीच नसल्यामुळे ते अर्ध्या पानात संपलं.

आता मॅक आणि विंडोजच्या आवृत्त्या लोकांकडे आहेत. सगळ्यांत जास्त वापर भेटींचा, त्याखालोखाल फाइल जोडायच्या आठवणीचा. काम-यादीचा वापर मला वाटला होता त्याहून कमी आहे; दोघांनी तर ती सूचना मुद्दाम बंद केली. लिनक्स राहिलंय. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी जुनी व्यवस्था म्हणजे एक्स११, तिच्यावर कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा वाचू शकतो; नव्या वेलँडने ते मुद्दाम बंद केलं, जे योग्यच आहे. एटी-एसपीआयने मजकूर मिळतो, पण पट्टी खिडकीच्या कोपऱ्यात नेमकी बसवता येत नाही, कारण वेलँडवर खिडकीला आपली जागा स्वतः ठरवता येत नाही. त्यामुळे तिथे इनपुट मेथडच्या, म्हणजे कळांपासून अक्षरं बनवणाऱ्या भागाच्या, बाजूने शिरून बघणार आहे, म्हणजे लिनक्सवरच्या आयबस या इनपुट मेथडच्या चौकटीचं इंजिन लिहून सूचना पर्यायी शब्दांच्याच यादीत शेवटी दाखवायची. कोणी मराठीसाठी आयबसवर काम केलं असेल तर त्यांच्याशी बोलायला आवडेल.